जत्रेचा मान आणि जत्रेचे काम : महाराष्ट्रातील कृषी-जत्रांमधील स्वयंसेवकाची घडण

प्रास्ताविक

पुणे शहराच्या दक्षिणेस असलेली बिबवेवाडी ही एकेकाळी शेती करणारी वाडी होती. आज तेथे शेत जवळजवळ उरलेले नाही. मात्र शेतमाल आहे. गुलटेकडीचा मार्केट यार्ड या वस्तीला लागूनच असल्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारा भाजीपाला, कांदा, गूळ, फळे यांची वाहतूक बिबवेवाडीच्या रस्त्यावर पहाटेपूर्वीच सुरू होते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्य कार्यालयही याच परिसरात आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने कोकणातील आंबा उत्पादकांना थेट ग्राहकासमोर आणण्यासाठी पुण्यात आंबा महोत्सव भरविले. म्हणजे ज्या गावाची शेती शहराने गिळली, त्याच्याच वेशीवर शहराने कृषी-जत्रा मांडली, असे म्हणता येईल.

अशा जत्रेत फिरताना इतिहासाच्या अभ्यासकास एक साधा प्रश्न पडतो. हे सारे उभे कोण करते? उद्घाटक, प्रायोजक आणि विक्रेते यांची नावे फलकावर असतात. परंतु रांगा लावणारे, पाण्याचे पिंप भरणारे, हरवलेल्या मुलाला ध्वनिक्षेपकापर्यंत नेणारे, उरलेला कचरा उचलणारे हात कोणाचे? त्यांतील काहींच्या छातीवर बिल्ला असतो व त्यांना आपण स्वयंसेवक म्हणतो. काहींना रोजंदारी मिळते. काहींना यांपैकी काहीच मिळत नाही, कारण ते काम त्यांचेच आहे असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातील कृषी-जत्रांच्या संदर्भात या तीन प्रकारच्या हातांमधील सीमारेषा कशी आखली गेली, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. जत्रेतील स्वयंसेवक हा पूर्वीच्या सेवाभावाचा सरळ वारस आहे, अशी एक सोयीची समजूत आढळते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

मान आणि काम

गावची जत्रा ही केवळ देवाची नसे. सुगी हाती आल्यानंतर, कामाला थोडी उसंत मिळाली असता भरणारी जत्रा म्हणजे बैलांचा बाजार, औतांच्या लाकडी सामानाची, दोरखंडांची, घोंगड्यांची पेठ आणि सोयरिकी जुळण्याची जागा. खंडोबाच्या, म्हसोबाच्या, भैरोबाच्या अनेक जत्रा आणि गुरांचे बाजार एकमेकांना चिकटून वाढले, ते यामुळेच.

या जत्रेची व्यवस्था ज्या रचनेवर चाले, तिचे वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या आधारे आपण सामान्यतः करतो. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व अलुतेदार यांची परस्परावलंबी व्यवस्था म्हणून तिचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. पण जत्रेच्या दिवशी या व्यवस्थेचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे होत. एक भाग मानाचा. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, कोणाचा नारळ आधी फुटणार, हा सारा मान. दुसरा भाग कामाचा. दवंडी देणे, रात्रीची राखण करणे, पाहुण्या अंमलदाराच्या घोड्याला दाणावैरण पोचविणे, मशाल धरणे, पाणी वाहणे, दोर पुरविणे, मेलेले जनावर ओढून नेणे, हे सारे काम. मान वंशपरंपरेने ठरे, तसेच कामही वंशपरंपरेनेच ठरे. फरक इतकाच की मान सोडून देण्याची मुभा होती, काम नाकारण्याची नव्हती.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत मानपानाच्या तंट्यांची प्रकरणे विपुल आहेत. पोळ्याच्या बैलावरून, होळीच्या पोळीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली, गोतसभा भरल्या, महजर झाले. पण जत्रेच्या रात्री राखणीला किती येसकर उभे होते, त्यांना काय मिळाले, याची नोंद त्या मानाने क्वचितच सापडते. दप्तर मानाची आठवण ठेवते. कामाची आठवण ठेवण्याची त्याला गरज भासत नाही. इतिहासलेखनातील हा असमतोल पुढे स्वयंसेवकाच्या इतिहासातही उतरला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक मांडले, त्याचा रोख नेमका याच बिंदूवर होता. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महार वतनदाराचे काम निश्चित केलेले नव्हते. कोणत्या वेळी, कोणासाठी, किती काम, याला मर्यादा नव्हती आणि मोबदला नाममात्र होता. एक माणूस नव्हे, तर त्याचे अवघे कुटुंब गावाच्या हाकेला बांधलेले असे. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. वतने प्रत्यक्ष नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. दरम्यानच्या काळात गावोगावी महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे व दवंडीचे काम नाकारले, तेव्हा त्यावर गावकीचा बहिष्कार पडला. जत्रेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ‘काम’ या बाजूचा एक मोठा खांब प्रथमच स्वतःच्या इच्छेने बाजूला झाला.

प्रस्तुत लेखकाच्या मते कृषी-जत्रेतील स्वयंसेवकाचा इतिहास येथून सुरू व्हावयास हवा. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या श्रमाला सेवा म्हणणे म्हणजे शब्दांची अदलाबदल आहे. स्वयंसेवक ही कोटी निर्माण होण्यापूर्वी नकाराची शक्यता निर्माण व्हावी लागते. म्हणून १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात आकारास आलेले समता सैनिक दल हे या इतिहासाचे बाहेरचे नव्हे, आतले प्रकरण आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत प्रतिनिधींसाठी पाणी विकत घ्यावे लागले होते. जे पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या जत्रेत राबले, ते आता स्वतःच्या मेळाव्याची राखण व व्यवस्था स्वेच्छेने करू लागले. काम वरवर पाहता तेच, पण त्याचा अर्थ पूर्णतः बदललेला.

प्रदर्शनाची कल्पना

जत्रेला ‘प्रदर्शन’ जोडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील. इंग्लंडमध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे पहिले प्रदर्शन १८३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरले. गुरांना बक्षिसे, नांगरटीच्या स्पर्धा आणि नव्या अवजारांची मांडणी हा त्याचा साचा पुढे साम्राज्यभर पसरला. तेथील जमीनदार व मोठे शेतकरी विनावेतन व्यवस्थापकाचे काम करीत. त्या कामात प्रतिष्ठा होती. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तो मानच होता.

मुंबई इलाख्यात असा साचा आला तो सरकारी अंमलदारांच्या हातून. त्यामुळे प्रदर्शनात बक्षीस घेणारा शेतकरी आणि प्रदर्शनाचा मांडव घालणारा वेठीचा माणूस यांची गाठ पडली तरी ओळख होण्याचे कारण नव्हते. या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये केलेली सूचना लक्षणीय आहे. देशभर दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात पिकांच्या आणि औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे ते सुचवितात. येथे शेतकरी हा प्रेक्षक नाही. तो परीक्षार्थी आहे, त्याच्या हातातील कसब हा प्रदर्शनाचा विषय आहे. आजच्या पीकस्पर्धांचा आणि आदर्श शेतकरी पुरस्कारांचा मूळ आराखडा फुल्यांच्या या एका वाक्यात दिसतो, याकडे कृषी विस्ताराच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ज्या पुण्यात त्यांनी हे लिहिले, त्याच पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असताना मंडईच्या इमारतीवरील खर्चाला त्यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले, हा इतिहासाचा एक बोलका योगायोग.

फैजपूर, १९३६

ग्रामीण जत्रा, प्रदर्शन आणि स्वयंसेवक या तीन धाग्यांची पहिली मोठी गुंफण महाराष्ट्रात झाली ती फैजपूर येथे. पूर्व खानदेशातील या गावी २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी भरलेले अधिवेशन हे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, शंकरराव देव स्वागताध्यक्ष, धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते तयारीच्या केंद्रस्थानी आणि गावोगाव फिरून लोकांना हाक देणारे साने गुरुजी. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रम याच अधिवेशनात संमत झाला. सोबत खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते आणि त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. काटेकोर अर्थाने त्यास कृषी-प्रदर्शन म्हणता येणार नाही, हे मान्य करावयास हवे. पण त्यास आलेला समुदाय बहुतांशी शेतकऱ्यांचा होता आणि त्याची सारी रचना शेतकऱ्याच्या घरात सापडणाऱ्या साहित्याची होती. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस आणि वास्तुकार म्हात्रे यांनी बांबू व स्थानिक सामग्रीतून टिळकनगर उभे केले. अध्यक्षांची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून निघाली. जत्रेच्या रथाची आणि शर्यतीच्या बैलाची सवय असलेल्या खानदेशी डोळ्यांना ही भाषा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

फैजपूरचे वर्णन करताना कलेविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तेथील श्रमाचे स्वरूप. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ पासून बांधलेल्या हिंदुस्थानी सेवादलामुळे काँग्रेसच्या व्यवस्थेला शिस्तबद्ध स्वयंसेवकाची सवय झालेली होती. परंतु शहरातील मंडपात खुर्च्या लावणारा स्वयंसेवक आणि खेड्याच्या माळावर लाखभर माणसांच्या पाण्याची व मलमूत्राची व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक यांत अंतर आहे. समुदाय अपेक्षेहून कितीतरी अधिक लोटला. अशा वेळी जत्रेचा इतिहास पटकीच्या साथीचा इतिहास होतो, हे पंढरपूरच्या अनुभवाने महाराष्ट्रास पुरते ठाऊक होते.

येथे थोडे मागे जावयास हवे. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात गांधींच्या फिनिक्स येथील सहकाऱ्यांनी जे काम पत्करले, ते शौचाचे खड्डे मातीने झाकण्याचे होते. पुढे १९३२ मध्ये अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला आणि गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. जे काम जन्माने लादले जाई, ते जन्माने न लादलेल्या माणसाने मागून घेणे हा या प्रयोगाचा गाभा होता. जत्रेच्या ‘काम’ या बाजूवरील सर्वांत खालची पायरी स्वयंसेवकाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येऊन बसली, ती या परंपरेमुळे.

हे परिवर्तन मोठे होते, यात शंका नाही. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. अधिवेशन संपले की स्वयंसेवक घरी परतत आणि सफाई पुन्हा ज्याची त्याची होई. चार दिवसांचा त्याग हा बाराही महिन्यांच्या सक्तीला पर्याय ठरत नाही. आंबेडकरी चळवळीने या प्रकारच्या सेवेकडे संशयाने पाहिले, त्यामागे हेच कारण होते आणि त्या संशयाला उत्तर देणे गांधीवादी कार्यकर्त्यांना पूर्णपणे कधीच जमले नाही.

जिल्हा परिषद आणि देवस्थान

स्वातंत्र्योत्तर काळात कृषी-जत्रेची सूत्रे दोन प्रकारच्या संस्थांकडे गेली. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा हे पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार भरतो. जिल्हा परिषद येथे कृषी प्रदर्शन, पशुप्रदर्शन, कुस्त्या आणि लोककलेचे कार्यक्रम घडवून आणते. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्यातील देशी गोवंशांचे उत्तम नमुने पशुपालक मोठ्या अभिमानाने येथे आणतात. येथे कामाची विभागणी शासकीय खात्यांनुसार होते. पाणी एका विभागाचे, लसीकरण दुसऱ्याचे, स्वच्छता तिसऱ्याची. अशा व्यवस्थेत स्वयंसेवकास जागा उरते ती खात्यांच्या फटींमध्ये, आणि ज्याने कोणत्याही मोठ्या यात्रेत एक रात्र काढली आहे, त्याला या फटी किती रुंद असतात हे सांगावयास नको.

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील पुसेगावची गोष्ट निराळी. श्री सेवागिरी महाराजांचे निर्वाण १० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस झाले. त्या तिथीच्या आसपास भरणाऱ्या यात्रेत रथाला नोटांच्या माळा अर्पण करण्याची प्रथा आहे; खिलार जनावरांचा बाजार आणि कृषी प्रदर्शन हेही यात्रेचे भाग आहेत. देवस्थान ट्रस्ट व ग्रामस्थ हे येथील आयोजक. दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याला ठिबक सिंचनाचा संच आणि खिलार खोंड एकाच फेरीत पाहावयास मिळतो, ही बाब कृषी विस्ताराच्या दृष्टीने मोलाची आहे. येथील सेवेस गावाच्या श्रद्धेचा आधार आहे. त्यामुळे ती टिकाऊ आहे. मात्र श्रद्धेवर उभी असलेली सेवा आणि रूढीने ठरलेले काम यांतील सीमा कोणत्याही गावात पुसट असते, हे विसरता येत नाही.

गेल्या दशकभरात या जत्रांवर आघातही झाले. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. करोनाच्या साथीने २०२० मध्ये यात्रा बंद पडल्या. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे गुरांचे बाजार रोखावे लागले. प्रत्येक आघातानंतर स्वयंसेवकाच्या कामाचे स्वरूप बदलले. शर्यतीच्या घाटावर आता अटींचे पालन होते की नाही हे पाहावे लागते. गुरांच्या बाजारात आजारी जनावर वेळीच वेगळे काढावे लागते. या कामाला नुसता उत्साह पुरत नाही, प्रशिक्षण लागते.

महाविद्यालयीन स्वयंसेवक

आज कृषी-जत्रेत दिसणारा स्वयंसेवक पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो आणि तो राष्ट्रीय सेवा योजनेतून आलेला असतो. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. ती ऐच्छिक आहे हे आपण गृहीत धरतो. परंतु ती तशी होणार हे ठरलेले नव्हते. १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात समाजसेवा ही पदवीची पूर्वअट करता येईल का, असा विचार मांडला होता. हेच नेहरू बावीस वर्षांपूर्वी फैजपूरच्या रथात बसले होते. १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचविली. खर्चाच्या व अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती शिफारस मागे पडली. त्यानंतर प्रा. के. जी. सैयदैन यांनी अन्य देशांतील योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक ठेवण्याचा सल्ला दिला.

देशमुख समितीची शिफारस स्वीकारली गेली असती, तर गावच्या जत्रेत पुन्हा एकदा नकार देऊ न शकणारा श्रमिक उभा राहिला असता, या वेळी जातीने नव्हे तर वयाने निवडलेला. ज्या वर्षांत महाराष्ट्र वतनांची सक्ती मोडीत काढीत होता, त्याच वर्षांत दिल्लीत नव्या सक्तीचा आराखडा लिहिला जात होता, हे कालक्रम लावून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ऐच्छिक असली तरी ही सेवा पूर्णतः निर्हेतुक नाही. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते, गुणांचीही सवलत असते. कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केलेल्या प्राध्यापकांना तासांच्या नोंदी जुळविण्याचा अनुभव नवा नाही. हिशोब आला म्हणून सेवा खोटी ठरत नाही, असे मला वाटते. उलट जुन्या येसकराच्या रात्रींची नोंदच कोणी ठेवली नाही, हे लक्षात घेता तासांची वही ही प्रगतीच होय. प्रश्न निराळाच आहे. जत्रेत पाणी, रांगा आणि माहितीकक्ष विद्यार्थ्यांकडे जातात; जत्रा उठल्यावरची स्वच्छता मात्र अनेकदा कंत्राटी कामगारांकडे. मानाची आणि कामाची जुनी विभागणी बिल्ल्याच्या आडून टिकून राहते ती अशी.

मार्केट यार्डात या विभागणीला एक वेगळे उत्तर मिळाले आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यास डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायतीची बांधणी केली. १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली त्याच वर्षी, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. १९७४ पासून ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम श्रमिकांना स्वस्त दरात जेवण पुरवीत आला. पाठीवरच्या ओझ्याला सेवा न म्हणता श्रम म्हणावे आणि त्याची मजुरी, हजेरी व भविष्यनिर्वाह निधी लिहून ठेवावा, ही या चळवळीची मागणी होती. त्याच बाबा आढावांनी १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालविली, तेव्हा गावोगाव हिंडणारे तरुण कार्यकर्ते कोणत्याही मोबदल्याविना आले होते. एकाच माणसाच्या कामात वेतनाचा आग्रह आणि निर्वेतन कार्यकर्ता हे दोन्ही सुखाने नांदले, कारण कोणते काम कोणाकडून स्वेच्छेने मागता येते याचा निवाडा तेथे स्पष्ट होता. यार्डाच्या शेजारी भरणाऱ्या महोत्सवात आंब्याची पेटी उतरविणारा हमाल आणि ग्राहकाला रांग दाखविणारा विद्यार्थी एकाच मांडवाखाली असतात. पहिल्याचे नाव माथाडी मंडळाच्या नोंदवहीत आहे, दुसऱ्याचे महाविद्यालयाच्या.

या दुसऱ्या नोंदवहीविषयी शेवटी एक व्यावहारिक सूचना. सेवा योजनेचा प्रत्येक स्वयंसेवक कार्यदैनंदिनी लिहितो. कोणत्या यात्रेत, कोणत्या ठिकाणी, किती वेळ, काय केले, याची ती समकालीन आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्याच हातची नोंद असते. मूल्यांकन झाले की या वह्यांना फारसा वाली उरत नाही आणि काही वर्षांनी त्या रद्दीत जातात. पेशवे दप्तरात जे सापडत नाही, नेमके ते या वह्यांत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी निदान आपल्या दत्तक गावांच्या यात्रांपुरत्या या दैनंदिन्या वर्षवार बांधून ग्रंथालयात ठेवल्या, आणि त्यांच्या जोडीला त्या यात्रेतील सफाई कामगार, हमाल व पाणीपुरवठा करणारे यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांकडूनच लिहून घेतल्या, तर त्यासाठी कपाटाचा एक कप्पा आणि एका शिक्षकाचे थोडे लक्ष एवढेच लागेल.